मुंजीचं पाणी गणपतीला चालेल का?

प्रश्न: सप्रेम नमस्कार. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीत राहतो. घरात मी, नवरा, सातवीतला मुलगा आणि सासूबाई. मे महिन्यात मुलाची मुंज झाली. पाण्याच्या बाटल्यांचा अंदाज साफ चुकला आणि ११ पेट्या उरल्या. त्यातल्या पाच पेट्या एक लिटरच्या बाटल्यांच्या, सहा दोनशे मिलीच्या. दुकानदार परत घेईना. घरात जागा नाही म्हणून सगळ्या ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनशेजारी रचून ठेवल्या. बाटल्यांवर पॅकिंगची तारीख एप्रिलची आहे आणि मुदत सहा महिने. नवरा म्हणतो, ऑक्टोबरपर्यंत बिनधास्त प्या, त्यानंतर एक दिवससुद्धा ठेवायचं नाही. सासूबाई म्हणतात, पाण्याला कसली आली तारीख, देव्हाऱ्यातलं गंगाजल वीस वर्षांचं आहे. माझं मन मात्र घेत नाही, कारण अख्ख्या मे महिन्याचं ऊन त्या पेट्यांनी खाल्लंय. गणपतीला येणाऱ्या पाहुण्यांना हे पाणी देऊ की ओतून टाकू? रोजच्या पिण्यासाठी आम्ही २० लिटरचा जार मागवतो, त्यामुळे एरवी पाण्याची काळजी नाही. पण या पेट्यांनी झोप उडवली आहे.
— उरलेल्या पेट्यांची मालकीण

उत्तर:

ताई,

तुमच्या घरात तिघांची तीन मतं आहेत आणि तिघंही थोडे थोडे बरोबर आहेत. पण तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य वाचून मी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं. सीलबंद पेट्यांनी झोप उडवली आहे आणि रोजच्या जारची काळजी नाही! पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालेल्या बाईला हे वाक्य पचणं कठीण. जारकडे मी येणारच आहे. पण गणपती तोंडावर आलेत, तेव्हा आधी पेट्या.

सासूबाईंपासून सुरुवात करते, घरात मान त्यांचा. पाणी दुधासारखं नासत नाही हे त्यांचं म्हणणं खरं आहे. नासायला आत काहीतरी खाद्य लागतं. साखर, स्निग्धांश, प्रथिनं यातलं काही शुद्ध पाण्यात नसतं, म्हणून जंतूंना तिथे मेजवानी मिळत नाही. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन बाटलीबंद पाण्याला मुदतच ठरवून देत नाही. तिथल्या न्यू जर्सी राज्याने १९८७ मध्ये दोन वर्षांची तारीख छापण्याची सक्ती केली होती, पुढे तीही मागे घेतली. गंगाजलाचं म्हणाल, तर १८९६ साली हॅन्किन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू तग धरत नाहीत असं लिहून ठेवलं होतं. सासूबाईंना हे जरूर सांगा, खूश होतील. पण ते नदीच्या पाण्याबद्दल आहे, आणि देव्हाऱ्यातला गडू कोणी तहान लागली म्हणून तोंडाला लावत नाही. एवढं सांगून तो विषय तिथेच सोडा. गंगाजलावरून घरात वाद घालू नये.

मग बाटलीवर सहा महिने कशासाठी लिहितात? ती मुदत पाण्याची कमी आणि बाटलीची जास्त. या बाटल्या ज्या प्लॅस्टिकच्या असतात त्याला पीईटी म्हणतात. बुडाशी त्रिकोणात १ आकडा दिसेल. हे प्लॅस्टिक आपल्याला घट्ट वाटतं, पण काचेसारखं बंद नसतं. सोड्याची प्लॅस्टिकची बाटली न उघडता चार-सहा महिने ठेवली तर आतला वायू हळूहळू भिंतीतून निघून जातो आणि सोडा मिळमिळीत लागतो, हे तुम्ही पाहिलं असेल. तसंच पाण्याची वाफही अगदी सावकाश बाहेर पडते. जुन्या बाटलीचं पोट आत गेलेलं दिसतं, त्याचं हे एक कारण. (दुसरं कारण साधं आहे: वर चार पेट्या रचलेल्या असतात.) आणि जी भिंत बाहेर जाऊ देते, ती आतही येऊ देते. वास आत येतो. त्याकडे वळतेच.

छोट्या बाटल्यांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. २०० मिली पाण्याला लिटरभर पाण्याच्या मानाने प्लॅस्टिकचा स्पर्श जास्त होतो. जे काही बाटलीतून पाण्यात उतरायचं ते छोटीत लवकर जाणवतं. म्हणून आधी संपवायच्या त्या सहा पेट्या.

आता तुमचे यजमान. तारीख पाहून वागणारा माणूस मला आवडतो, पण त्यांनी लेबलवरची एकच ओळ वाचली. तारखेच्या जवळपास बारीक अक्षरात आणखी एक ओळ असते: थंड, कोरड्या जागी ठेवा, थेट उन्हापासून दूर ठेवा. सहा महिन्यांचा शब्द कंपनीने या अटीवर दिलेला आहे. अट आपण मोडली तर ऑक्टोबरची तारीख कॅलेंडरवर छान दिसते, एवढंच. आणि उलट, थंड अंधाऱ्या खोलीत ठेवलेली सीलबंद बाटली १ नोव्हेंबरला सकाळी उठून विषारी होत नाही. दुकानदाराने तारीख उलटलेला माल विकू नये, तिथे यजमानांचा काटेकोरपणा योग्यच आहे. घरात मात्र तारीख हा एक पुरावा, निकाल नव्हे.

आणि हो, ती तारीख खरंच वाचली का? बहुतेक कंपन्या ती बाटलीच्या मानेवर फिक्या शाईत ठिपक्या-ठिपक्यांनी उमटवतात. मी स्वतः मोबाइलची बॅटरी लावून, बाटली तिरकी धरून वाचते, तेव्हा कुठे ८ आहे की ६ ते कळतं. अकरा पेट्या एकाच दिवशी भरलेल्या असतीलच असं नाही. प्रत्येक पेटीतली एकेक बाटली बघा आणि मार्करने पेटीवर मोठ्ठा महिना लिहून टाका.

उन्हाचं काय झालं असेल, हा तुमचा खरा प्रश्न. पीईटी बनवताना अँटिमनी नावाच्या धातूचं संयुग वापरतात. त्याचा अगदी सूक्ष्म अंश बाटलीत राहतो आणि उष्णतेने पाण्यात उतरतो. किती उष्णतेने, किती दिवसांत, याचं मोजमाप अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात २००८ साली झालं. मुद्दाम सांगते, कारण आकडा ऐकला की भीती आपोआप आपल्या मापात येते. ६० अंशांना पाणी सतत ठेवलं तर पिण्याच्या पाण्यातल्या अँटिमनीची अमेरिकेतली मर्यादा ओलांडायला १७६ दिवस लागले. ७५ अंशांना सुमारे पाच दिवस. ८५ अंशांना दीड दिवसाहून कमी. ती मर्यादा लिटरला ६ मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची २० आहे, म्हणजे आणखी सैल.

आपल्या ठाण्यात पारा चाळिशी गाठतो तेव्हा सगळे हवालदिल होतात, पण तुमची ड्राय बाल्कनी ६० अंशांवर काही जात नाही, आणि रात्री ती निवतेही. त्यामुळे मे महिन्यात ऊन खाल्लं म्हणून ते पाणी विष झालं, असं मुळीच नाही. पण पाण्याला चव येते. उष्णतेने पीईटीतून अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचा पदार्थ सुटतो. अगदी थोडा असला तरी जिभेला कळतो, किंचित गोडसर, प्लॅस्टिकसारखा. तेवढ्या प्रमाणात तो त्रास देत नाही. पण दर्शनाला आलेल्या पाहुण्याने घोट घेऊन भुवई उंचावावी, हे कोणत्या यजमानीणबाईंना आवडेल?

६०-७० अंशांची गोष्ट कुठे खरी होते सांगू? उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत. मागच्या काचेखाली महिना महिना लोळणारी ती एक बाटली असते ना, जी कोणाची ते कोणालाच माहीत नसतं, ती पिऊ नका. तिच्याने काचा पुसा.

आता तुमच्या पत्रातले चार शब्द, जे तुम्ही सहज लिहून गेलात: ‘वॉशिंग मशीनशेजारी रचून ठेवल्या’. मला उन्हाहून याची जास्त काळजी वाटते. वॉशिंग मशीनशेजारी काय काय असतं ते मी माझ्या घरावरून सांगते. साबणाची पावडर, फिनेल, बाथरूमचं अ‍ॅसिड, झुरळांचा स्प्रे, आणि दिवाळीपासून पडून असलेला ऑइलपेंटचा अर्धा डबा. यातल्या उडणाऱ्या वासाचे अंश प्लॅस्टिकमधून आणि झाकणाच्या फटीतून आत शिरतात. डांबरगोळ्या ठेवलेल्या कपाटातली पाण्याची बाटली एकदा उघडून बघा. सील जसंच्या तसं, आणि पाण्याला डांबरगोळीचा वास! नोकरीत असताना असे नमुने आमच्याकडे यायचे. आणणारा माणूस कंपनीच्या नावाने खडे फोडत यायचा आणि चार प्रश्नांनंतर कळायचं की बाटल्या रंगाच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर होत्या.

तेव्हा आज संध्याकाळी ही तपासणी करा. प्रत्येक पेटीतली एक बाटली काढा. फ्रिजमध्ये घालू नका, थंड पाणी वास लपवतं. बाटलीचं सील फोडा, थोडं पाणी ओतून बाटली अर्धी करा, झाकण घट्ट लावून जोरात हलवा आणि झाकण काढल्याबरोबर नाक जवळ न्या. प्रयोगशाळेतही आम्ही वास असाच घ्यायचो, फक्त बाटल्या काचेच्या असायच्या. शेजारी दुकानातून आणलेली एक ताजी बाटली ठेवा, नाहीतर मनात शंका असली की नाकाला सगळीकडेच वास येतो. वास घ्यायला मुलाला बसवा. त्या वयाची नाकं आपल्यापेक्षा तीक्ष्ण असतात, आणि कोणती बाटली कोणती ते त्याला सांगू नका.

फिनेल, साबण, रंग असला काही वास आला तर ती पेटी पिण्यातून बाद. उकळून बघू, असं मनात आणू नका. उकळल्याने जंतू मरतात, रसायनं जात नाहीत. नुसता प्लॅस्टिकचा हलका वास असेल तर पाहुण्यांना नको, पण कुकरच्या तळाला, कुंड्यांना, फरशीला खुशाल वापरा. काहीच वास नसेल, पाणी उजेडात धरल्यावर स्वच्छ दिसत असेल, तळाशी धागे-कण नसतील, झाकणाची कडी अखंड असेल, तर गणपतीला बेलाशक द्या. माझा अंदाज विचाराल तर भिंतीकडच्या, सावलीतल्या पेट्या पास होतील आणि ग्रिलकडची वरची एखाद-दुसरी नापास.

जून-जुलैच्या पावसाने आणखी एक काम केलं असेल. पुठ्ठा ओला झाला की त्याला बुरशी येते, झुरळं घर करतात आणि बाल्कनीच्या पाइपावरून उंदीर चढतो. बंद बाटलीतल्या पाण्याला त्याने काही होत नाही, पण ओठ लागतात ते बाटलीच्या मानेला. उंदराच्या लघवीतून पसरणारा लेप्टो आपल्याकडे दर पावसाळ्यात डोकं वर काढतो. म्हणून पुठ्ठे फेकून द्या, बाटल्या साबणाच्या पाण्याने बाहेरून धुवा, पुसा आणि मगच आत घ्या. आत कुठे? पलंगाखाली, पॅसेजच्या कोपऱ्यात, बैठकीच्या कोचामागे. थेट फरशीवर नकोत, खाली एखादी फळी किंवा जुना पाट असू द्या. किराणा दुकानदार पोती फळीवर ठेवतो ते काही शोभेसाठी नव्हे. आणि गॅसच्या शेगडीखालचं कपाट नको, तिथे ऊब असते.

लिटरच्या पाच पेट्या म्हणजे, पेटीत १२ धरल्या तर, ६० लिटर. यातल्या पास झालेल्या ओतूही नका आणि घाईने संपवूही नका. घोडबंदरला राहून शटडाऊन काय असतो हे मी तुम्हाला सांगायला नको. भातसेच्या नाहीतर उल्हास नदीच्या पाण्यावर आपण जगतो. कुठे जलवाहिनी फुटते, कुठे पंपिंगची वीज जाते, कुठे दुरुस्ती निघते, की दोन दिवस नळाला नुसती हवा. मग सोसायटीत टँकर येतो, आणि टँकरचं पाणी प्यायचं म्हणजे उकळूनच. अशा वेळी माणशी रोज चार लिटर धरले तर चौघांना तीन दिवसांचं पिण्या-रांधण्याचं पाणी होतं ४८ लिटर. म्हणजे बरोबर चार पेट्या. एक पेटी गणपतीला काढा, चार पलंगाखाली राहू द्या आणि सप्टेंबरपासून दर आठवड्याला काही बाटल्या वापरात आणून तेवढ्याच नव्या आणून ठेवत जा. आधीची आधी जाईल, नवी मागे लागेल. २६ जुलै २००५ ला आमच्या नौपाड्याच्या घरात तळमजल्याला कमरेएवढं पाणी होतं आणि प्यायला घोटभर नव्हतं. तेव्हापासून माझ्या पलंगाखाली पाणी असतंच. मुलगा हसतो. हसू दे.

आता जार.

सीलबंद बाटली आणि तुमचा जार यांत फरक आहे तो रखवालदाराचा. महापालिकेच्या नळाच्या पाण्यात थोडं क्लोरीन शिल्लक ठेवलेलं असतं. नाकाला येणारा तो औषधी वास म्हणजे वाटेत शिरणाऱ्या जंतूंसाठी ठेवलेला पहारा. बाटलीचं आणि जारचं पाणी आरओतून जातं, ओझोन किंवा अतिनील किरणांनी निर्जंतुक होतं. क्लोरीन त्यात उरत नाही, ओझोन थोड्या वेळात विरून जातो. म्हणून चव गोड लागते. पण पहारेकरी कोणीच नाही. सगळी भिस्त सीलवर. सील फुटलं, की त्या क्षणापासून बाटलीवरच्या तारखेला काही अर्थ नाही. मग घड्याळ तुमच्या स्वयंपाकघराचं.

बाटली उघडून तोंड लावलं असेल तर त्याच दिवशी संपवा. तोंड न लावता पेल्यात ओतून घेतलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं तर दोन दिवस. आणि २० लिटरचा जार? चौघांच्या घरात, सासूबाईंना वेगळं कोमट पाणी आणि मुलाची शाळेची बाटली धरून, तो दोन दिवसांत संपायला हवा. तीन दिवस म्हणजे फार. ज्यांच्या घरी दोनच माणसं आणि तोच जार आठवडाभर पुरतो, त्यांच्या जारबद्दल मला लिहायला सांगू नका.

जारच्या तोंडावर जो हातपंप बसवतात, त्याची नळी शेवटची कधी बाहेर काढून बघितली होती? आज काढा. बोट फिरवा. बुळबुळीत लागली तर ती जंतूंनी स्वतःसाठी बांधलेली चाळ आहे. एकदा बिऱ्हाड थाटलं की साध्या पाण्याने खळबळून ती हटत नाहीत. मी एका मैत्रिणीकडे पंप काढला होता, नळीच्या खालच्या टोकाला गुलाबीसर थर होता आणि ती मला सांगत होती, ‘अगं, रोज नवा जार येतो!’ जार नवा, पण नळी दोन वर्षांची. नळी आणि पंप आठवड्यातून एकदा सुटा करा, भांड्यांच्या साबणाने आणि लांब बारीक ब्रशने आतून घासा, मग पाण्यात घरगुती ब्लीचचे थोडे थेंब टाकून त्यात अर्धा तास बुडवून ठेवा, वास जाईपर्यंत खळबळा आणि उलटा टांगून पूर्ण कोरडा करा. ओला पंप पुन्हा जारवर चढवला तर मेहनत पाण्यात. नळावाला उभा डिस्पेन्सर असेल तर त्याची आतली टाकी आणि तोटी विसरू नका, सगळे वरून फडकं मारतात आणि तोटीचं तोंड तसंच.

जार खिडकीतही ठेवू नका. निळसर पारदर्शक प्लॅस्टिक, सूर्यप्रकाश आणि उघडलेलं पाणी, यातून हळूहळू कडेला हिरवट झाक येते. ती शेवाळाची. गडद कापडाचं कव्हर शिवून घाला, जुन्या सुती साडीचं चालेल.

जार येतो कुठून, हेही बघा. त्यावर झाकणाला प्लॅस्टिकचं घट्ट सील, कंपनीचा पत्ता, पॅकिंगची तारीख, चौदा आकडी परवाना क्रमांक हे सगळं हवं. आयएसआयच्या खुणेजवळ १४५४३ हा आकडा दिसला तर ते प्रक्रिया केलेलं पिण्याचं पाणी, १३४२८ दिसला तर नैसर्गिक मिनरल वॉटर. आपण सगळ्यालाच ‘मिनरल वॉटर’ म्हणतो, ते सोडून द्या. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आयएसआयची सक्ती उठली, पण त्याच वर्षअखेरीस केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बाटलीबंद पाणी जास्त जोखमीच्या खाद्यपदार्थांत घातलं. म्हणजे परवाना देण्याआधी तपासणी आणि दरवर्षी बाहेरच्या संस्थेकडून पडताळणी. जारवर यातलं काहीच नाही, नुसतं वरून टोपण दाबलेलं आणि पाणी बर्फासारखं गार, असे थर्माससारखे जार दुपारी टेम्पोतून ऑफिसांना जातात ते तुम्ही पाहिले असतील. ते कुठे भरले, कधी भरले, आतून कोणी धुतले, हे विचारायला त्या जारवर पत्ताच नसतो. तुमचा त्यातला असेल तर मुंजीच्या पेट्या सुखाने प्या आणि तो जार बंद करा. वाट्टेल ते पाणी कोणी विकत असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते, किंवा ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर.

खरं सांगायचं तर, महापालिकेचं पाणी, सोसायटीची टाकी वेळेवर धुतलेली आणि घरी साधा फिल्टर किंवा उकळणं, एवढ्यावर मी नौपाड्यात सगळं आयुष्य काढलं आहे. जार लागतोच असं नाही. पण टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांचं दुःख मला कळतं, म्हणून आग्रह धरत नाही.

शटडाऊनच्या आदल्या रात्री आपण पिंप, बादल्या, पातेली भरून ठेवतो, त्याचंही तेच गणित. पिण्याचं पाणी झाकणाच्या भांड्यात, आणि काढायला दांड्याचं ओगराळं. हातात धरलेला पेला कोपरापर्यंत बुडवून पाणी काढणारा एक तरी माणूस प्रत्येक घरात असतो. आमच्याकडे माझे दीर होते. उरलेलं पाणी आठवडाभर उघडं राहू देऊ नका, डेंग्यूच्या डासाला नेमकं असंच स्वच्छ साठवलेलं पाणी लागतं आणि अंड्यापासून उडेपर्यंत त्याला आठवडाभर पुरतो. आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतं ते यासाठी.

घरात तान्हं बाळ पाहुणं येणार असेल तर एक सांगून ठेवते. सीलबंद बाटलीतलं पाणी स्वच्छ असतं, निर्जंतुक नसतं. निरुपद्रवी जंतू त्यात असतात आणि भरल्यानंतरच्या काही आठवड्यांत वाढतातही. तुम्हा-आम्हाला त्याचं काही नाही, पण पावडरचं दूध कालवायचं असेल तर ते पाणीही उकळूनच घ्यायचं.

आणि रिकाम्या बाटल्यांचं. त्या जपून ठेवायचा मोह तुम्हाला होणार, मला माहीत आहे, मलाही होतो. दोन-चार दिवस पाणी भरून प्यायलात तर आकाश कोसळत नाही, पण त्यांचं अरुंद तोंड आतून घासता येत नाही आणि चुरगळलेल्या घडीत घाण बसते. यापेक्षा वाईट मोह दुसरा असतो. अ‍ॅसिड, फिनेल, थिनर सुटं आणायला हीच बाटली न्यायची. आमच्या इमारतीत रंगकाम चालू असताना रंगाऱ्याने टर्पेंटाइन पाण्याच्या बाटलीत भरून जिन्यात ठेवलं होतं. दुपारी वरच्या मजल्यावरचा शाळकरी मुलगा खेळून घामाघूम होऊन आला आणि त्याने ती उचलली. वासाने पहिल्याच घोटाला थुंकला म्हणून बचावला, तरी रात्र इस्पितळात गेली. पाण्याची बाटली दिसली की हात आपोआप तोंडाकडे जातो, लेबल कोण वाचतं? तुमच्या वॉशिंग मशीनमागे अशी एखादी बाटली असेल तर हे पत्र खाली ठेवा आणि आधी ती हलवा.

बाकी रिकाम्या झाल्या की झाकण काढून, पिळून, चपट्या करून सुक्या कचऱ्यात. लेबलवर ‘वापरानंतर बाटली चुरगळा’ असं लिहिलेलं असतं ते नुसत्या जागेसाठी नाही. धडधाकट बाटली कोणीतरी पुन्हा भरतं, झाकण दाबतं आणि स्टेशनबाहेर तीच तुमच्या यजमानांना विकतं. गणपतीच्या पाच दिवसांत दोनशे मिलीच्या किती बाटल्या रिकाम्या होतील त्याचा हिशेब करा आणि आरतीनंतर बाटल्या चपट्या करायचं काम मुंज झालेल्या बटूकडे सोपवा. त्या वयात पायाखाली बाटली फोडायला फार मजा येते.